कळकलेला पेला

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला खरे वाटणार नाही, पण एका रविवारी सकाळी मी सव्वीस माणसांना आजारी पाडले. तेही देवाच्या घरात, प्रार्थना चालू असताना. मी पितळेचा एक जुना पेला आहे. काठाला एक पोचा आहे, बुडाशी तीन पाकळ्यांचे फूल कोरलेले आहे. तहानलेल्याला पाणी पाजावे, घरधन्याला ताक पाजावे, एवढीच माझी अक्कल. कोणाचा जीव घ्यायला मी जन्मलो नव्हतो. त्या सकाळचा धक्का माझ्या पत्र्यातून अजून पुरता गेलेला नाही.

पण गोष्ट मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, रिकामे भांडे उगाच वाजते.

माझा जन्म जालन्याच्या बाजारात, बद्रीनाथ कासाराच्या दुकानी झाला. त्याने मला इतके ठोकले की माझे कान किटले. मग भट्टीवर तापवले, नवसागराची चिमूट टाकली, कथलाचा तुकडा आतून फिरवला आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन पुसून घेतले. बघता बघता माझे पिवळे पोट पांढरेशुभ्र झाले. हीच कल्हई. ती असली की पितळेत ताक ठेवा, आमटी ठेवा, काही होत नाही. ती गेली की आंबट पदार्थ पितळेत कळकतो, हिरवा पडतो आणि पोटात गेला की माणसाला आडवा करतो. बद्रीनाथ गिऱ्हाइकांना सांगायचा, "वरची चकाकी काय बघून राह्यले? माणूस पितो ते आतल्या कल्हईच्या भरवशावर." मी तेव्हा नवा होतो आणि नव्यांना वरची चकाकीच जास्त प्यारी असते. मी त्याचे बोलणे मनावर घेतले नाही.

मला विकत घेतले रामराव पाटलांनी. हसनाबादच्या पलीकडे, नदीकाठी त्यांचे गाव. गावाचे नाव मी सांगणार नाही. तिथली लेकरे आता शिकून शहाणी होत आहेत, त्यांना उगाच खाली मान घालायला लावू नये. निजामाचे राज्य होते आणि गावात पाटलांचा शब्द चालत होता. पाटलांच्या घरी मी देवळीत मानाने बसायचो. दुपारच्या ताकाला पहिला मान माझा.

एका उन्हाळ्यात पुंजाराम नावाचा माणूस जळतणाची मोळी घेऊन अंगणात आला. तो वेशीबाहेरच्या वस्तीतला. त्या वस्तीतल्या माणसाला पाणी द्यायचे तर वरून धार धरायची आणि त्याने खाली ओंजळ करायची, अशी रीत होती. भांडे त्याच्या हाती द्यायचे नाही. पण त्या दिवशी घरात होत्या रामरावांच्या आई, द्वारकाबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोर कोण उभा आहे ते दिसेना. "पानी द्या माय," एवढेच त्यांनी ऐकले आणि भरलेला मी त्याच्या हातात दिला. पुंजारामच्या घशाला कोरड पडली होती. त्याने मला तोंडाला लावले आणि घटाघटा प्याला. पिऊन झाल्यावर त्याच्या ध्यानात आले की आपण ओंजळीने नाही, पेल्याने प्यालो. त्याने मला घाईने उंबऱ्यावर ठेवले आणि तो मागे सरला.

पाटलीणबाईंनी ते पाहिले. त्यांनी मला चिमट्याने उचलले आणि उंबऱ्याबाहेर भिरकावले. काठाचा पोचा तेव्हाचा.

"घेऊन जाय तो," त्या म्हणाल्या. "आमच्या काय कामाचा आता."

"अगं, तहान लागल्ती त्याला," द्वारकाबाई आतून म्हणाल्या. "पेला विस्तवातून काढ, झाला शुद्ध." पण म्हातारीचे कोण ऐकतो?

मित्रांनो, मी तोच होतो. तेच पितळ, तेच फूल, तीच कल्हई. एका माणसाची तहान भागवली एवढाच माझा गुन्हा, आणि मी क्षणात बाटलो. पुंजारामने मला धुळीतून उचलले, धोतराच्या सोग्याने पुसले आणि घरी नेले. तो माझ्यातून पुन्हा कधी पाणी प्याला नाही. फडक्यात गुंडाळून त्याने मला आढ्याला टांगून ठेवले. कधीमधी त्या गाठोड्याकडे बघत तो तंबाखू मळायचा आणि मळता मळता थांबायचा.

आता त्या गावाची आणखी एक गंमत ऐका. वेशीबाहेर वस्त्या दोन होत्या, एक ओढ्याच्या अल्याड आणि एक पल्याड. दोन्हींच्या जाती वेगळ्या. गावाने दोघांनाही बाहेर काढलेले, आणि या बाहेर काढलेल्यांनी आपसात ओढ्याची आणखी एक वेस घातलेली. अल्याडचे पल्याडच्या हातचे पाणी घेत नसत. पुंजाराम अल्याडचा.

पुढे जालन्याहून वामनराव नावाचे पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, तट्टावर बसून गावी येऊ लागले. येशूची गोष्ट सांगायचे, आजाऱ्याला औषधाची पुडी द्यायचे, ज्याच्या घरी जात त्याच्याच घरची भाकर खायचे. पुंजारामने आणि त्याच्या बायकोने, सगुणाबाईने, सगळ्यांच्या आधी बाप्तिस्मा घेतला. मग अल्याडची सारी वस्ती ख्रिस्ती झाली. त्यांनी स्वतःच्या हातांनी माती तुडवून धाब्याची एक खोली बांधली. तेच त्यांचे देऊळ. तिथे जमणाऱ्या ख्रिस्ती मंडळीचा कारभार पुंजाराम पाहू लागला. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे प्रभुभोजन व्हायचे. भाकरीचा एक तुकडा आणि मनुकांच्या रसाचा एक घोट, सगळ्यांनी एकाच भांड्यातून घ्यायचा, येशूची आठवण म्हणून. त्यासाठी पेला हवा होता. पुंजारामने आढ्याचे गाठोडे काढले.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "माझ्या तोंडानं बाटला म्हून फेकेल पेला हाय ह्यो. देवाला चालतो का?"

वामनरावांनी मला हातात घेऊन फिरवून पाहिले. पोच्यावरून अंगठा फिरवला. "पुंजाराम," ते म्हणाले, "फेकलेल्यांनाच तर तो वेचत फिरतो. आपण सगळे तसलेच आहोत."

त्या दिवशी पुंजाराम रडला. मला रडता येत नाही, पण माझा पोचा मला पहिल्यांदा शोभून दिसला. ती माझी सुखाची वर्षे. सगुणाबाई आदल्या दिवशी मडक्यात मनुका भिजवायची, रविवारी रस गाळून माझ्यात ओतायची. नाताळच्या आधी हसनाबादचे कासमभाई कल्हईवाले भाता घेऊन यायचे आणि मला नव्यासारखा करून जायचे. एवढ्या भांड्यांत ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायचे, असे मला वाटते. माझा भ्रमही असेल.

मग पल्याडच्या चार घरांनी बाप्तिस्मा घेतला. त्यात तुळजाबाई होती. नवरा वारलेला, पदरी दोन मुली, दुसऱ्यांच्या शेतात निंदणी-खुरपणी करून पोट भरायचे. तिचा आवाज चांगला होता. देवळात दाराशी बसून ती गायची तेव्हा पुढे बसलेल्यांच्याही माना नकळत वळायच्या. पाळकांनी मंडळीला विचारले, "पेला एकच राहील ना?" सगळे पुंजारामकडे बघू लागले.

"एकच राह्यल," पुंजाराम म्हणाला. "बिलकुल एकच."

मला त्याचा अभिमान वाटला. पहिल्या महिन्यात अल्याडचे प्याले, मग पल्याडचे प्याले, सगळ्यांत शेवटी तुळजाबाई. देवाच्या मेजावरचे काही टाकायचे नाही, म्हणून तळाचे उरलेले तिने संपवले. ओढा जिंकल्यासारखा आनंद मला झाला.

दुपारी पुंजारामने मला घरी आणले आणि घरामागे घेऊन बसला. चिंच घेतली, राख घेतली, विटकरीचा चुरा घेतला आणि मला घासायला लागला. आजवर मला नुसते पाण्याने विसळत असत. हे घासणे निराळे होते. दात-ओठ खाऊन, काठावरून, आतून, तळापर्यंत.

सगुणाबाई दारात येऊन उभी राहिली. "पेला घासून राह्यले का त्याचा जीव घेऊन राह्यले?"

"चिकट झाल्ता," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

मी चिकट नव्हतो, मित्रांनो. माझ्या काठाला एका विधवेच्या ओठांचा ओलावा होता, बस. मी सुन्न झालो. ज्याच्या ओठांमुळे मला उंबऱ्याबाहेर फेकले होते, तोच माणूस आज दुसऱ्या कोणाचे ओठ माझ्यावरून खरवडत होता. सर्वांसमोर बोललेला त्याचा शब्द खोटा नव्हता, असे मला अजूनही वाटते. डोक्याने तो शब्द मानला होता, हाताने मानला नव्हता. जुनी खोड हातात जास्त मुरते.

त्यानंतर दर महिन्याला हेच. दोन वर्षे. विटकरीच्या चुऱ्यापुढे कथील किती दिवस टिकणार? आधी तळाला पिवळा ठिपका दिसला, मग दुसरा, मग माझे सगळे पोट पिवळे झाले. मधल्या नाताळात कासमभाईंनी केलेली कल्हईही अशीच गेली, आणि पुढच्या नाताळात ते आले ते रिकाम्या हातांनी. तिकडे मोठी लढाई पेटली होती आणि कथील जिथून यायचे तो मुलूख जपान्यांनी घेतला होता. "कथील कुठंच मिळून न्हाई राह्यलं, पुंजारामभाऊ," ते म्हणाले. "ह्याच्यात आंबट ठिवू नका." पुंजारामने मान डोलावली. पण मंडळीत कोणाला तो बोलला नाही, कारण मग लोकांनी विचारले असते, एवढ्या जल्दी कल्हई गेली कशी?

पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, पाळकांनी ठरवले की या खेपेला मनुकांचा रस तुळजाबाईने करावा. दोन्ही वस्त्या जवळ याव्यात म्हणून. पुंजारामने "बराबर हाय" म्हटले. आणि शुक्रवारी दुपारी तो मनुकांची पुडी आणि मला घेऊन ओढा ओलांडून तिच्या दारात गेला. तिच्या मुली रानात गेल्या होत्या, आसपास कोणी नव्हते. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मनुका याच्यातच भिजव," त्याने सांगितले. "रस बी याच्यातच ठिव रविवारपर्यंत. मडक्यात नको."

तुळजाबाईने माझ्यात डोकावून पाहिले. "भाऊ, कल्हई दिसंना याला. कळकंल."

"कल्हई हाय. देवाचा पेला हाय तो. तुझ्या मडक्यापरीस वाईट हाय का?"

तिने पुडी हातात घेतली. मडक्यात नको म्हणजे कोणाच्या मडक्यात नको, हे तिला न सांगता कळले. आणि आणखी बोलावे, तर उद्या लोक म्हणणार, काल आली आन् आज मिजास. कारभारी माणूस सांगतो आहे, देवाचे काम आहे, देव बघून घेईल, असे मनाशी म्हणून तिने माझ्यात मनुका भिजवल्या.

ते दोन दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. चैत्राचे ऊन. मनुका फुगल्या, आंबल्या. माझ्या आतल्या अंगाला हिरवी साय धरू लागली. मी कळकत होतो. मला कळत होते आणि ओरडता येत नव्हते. रविवारी पहाटे तिने अंघोळ केली, मनुका कुस्करल्या, गाळल्या, स्वच्छ फडके झाकले आणि मला दोन्ही हातांनी छातीशी धरून देवळात आणले. तिने चव पाहिली नाही. प्रार्थनेआधी कोणी देवाच्या पेल्याला तोंड लावत नाही.

आता ऐका, मी अजून का हादरलेला आहे ते.

पहिला घोट वामनरावांनी घेतला. त्यांचा चेहरा एकदम आंबट झाला. पण ते काही बोलले नाहीत. गिळले आणि मला पुढे दिले. नंतर ते सांगत होते की आदल्या दिवशी ते बायकोवर फार चिडले होते, म्हणून त्यांना वाटले, प्रभूचा पेला आपल्यालाच कडू लागला. कडूबा नावाचा रांगडा गडी होता, त्याने बैलाला काठीने रक्त येईपर्यंत मारले होते. त्यालाही वाटले, हा कडूपणा आपल्या पापाचा. एक म्हातारी सुनेशी चार दिवस बोलली नव्हती. तिलाही तसेच वाटले. पाळक नेहमी सांगत की अयोग्यपणे पिणारा आपला न्याय आपणच ओढवून घेतो. ते सगळ्यांच्या डोक्यात पक्के बसले होते. सव्वीस माणसे माझ्यातून प्याली, सव्वीसांनाही मी कडूजहर लागलो, आणि एकाच्याही तोंडून "रस खराब आहे" हे तीन शब्द बाहेर आले नाहीत. जो तो आपले पाप गिळत होता. पुंजारामनेही घोट घेतला. त्याचे डोळे माझ्या हिरव्या काठावर क्षणभर थांबले, आणि त्यानेही गिळले.

तळाचा गाळ तुळजाबाईच्या वाट्याला आला. तिने तो सगळा संपवला.

शेवटचे गीत संपायच्या आत पहिली उलटी झाली. मग दुसरी, मग मोजायची सोय राहिली नाही. लिंबाखाली माणसे पोट धरून वाकली होती, पोरे भेदरून रडत होती, पाळकांना बैलगाडीत घालून जालन्याला न्यावे लागले. तुळजाबाई उंबऱ्यावरच कोसळली. तिचे ओठ काळेनिळे झाले होते. मी मेजावर रिकामा पडलो होतो आणि एवढेच म्हणत होतो की हे मी केले, हे माझ्या पोटातून गेले.

संध्याकाळपर्यंत बाकीचे सावरले. आणि सावरलेल्या माणसाला आधी काय सुचते, तर दोष कोणाचा. काही म्हणाले, दोन जाती एका पेल्याने प्याल्या म्हणून देव कोपला. कडूबा म्हणाला, "देव कशाला कोपतो? इख घातलं तिनं. दाराशी बसवतो म्हून डाव साधला." बोटे दोन होती, पण दोन्ही एकाच बाईकडे. ठरले असे, की पुढच्या रविवारी पाळकांसमोर तिचे नाव मंडळीतून काढायचे, पल्याडच्या चारही घरांना देवळात येणे बंद करायचे आणि तहसिलीत वर्दी द्यायची. विष घातल्याची वर्दी म्हणजे तुळजाबाईला तुरुंग, आणि तिच्या दोन मुली उघड्यावर.

कडूबा पुंजारामच्या खाटेजवळ आला. मी त्याच्या हातात होतो, पुरावा म्हणून. "पेला तुमच्या ताब्यात असतो, भाऊ. तिच्याकडं कसा गेला? कशात भिजवलं तिनं, तुम्हाला ठाव हाय का?"

पुंजारामने माझ्याकडे पाहिले. मग भिंतीकडे तोंड फिरवले.

"मला काय ठाव," तो म्हणाला.

मित्रांनो, मला चिमट्याने उचलून फेकले तेव्हा लागले नाही एवढे हे शब्द लागले. विषाचा धक्का मोठा होताच. पण पितळ कळकते ते पितळेच्या धर्माने. माणूस कळकतो ते कशाने, याचे उत्तर मला तेव्हा सापडेना.

तो आठवडा मी कडूबाच्या घरी ज्वारीच्या कोंड्यात पडून काढला. बाहेरचे कानावर यायचे तेवढे यायचे. तुळजाबाई मरता मरता वाचली. सगुणाबाई रोज पेज घेऊन ओढा ओलांडू लागली. आयुष्यात पहिल्यांदा. नवऱ्याला विचारले नाही, सांगितलेही नाही. पुंजाराम जेवत नव्हता, झोपत नव्हता, प्रार्थनेला बसला की "हे बापा" म्हणून पुढे अडायचा. तुळजाबाईने मात्र मला कोणी आणून दिले, याबद्दल सगुणाबाईजवळही चकार शब्द काढला नाही.

रविवार आला. खोली गच्च भरली. वामनराव अजून अशक्त दिसत होते. मोठ्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तुळजाबाई दाराशी उभी राहिली.

"तुळजाबाई," पाळक म्हणाले, "काय झालं ते तुम्ही सांगा. घाबरू नका."

"रस माझ्या हातचा हाय, साहेब," ती म्हणाली. "त्याच्यात म्या दुसरं काई घातलं न्हाई. याच्यावर मला काई सांगायचं न्हाई."

"घालणारी असं सांगल का?" कडूबा पुटपुटला.

वामनरावांनी मला मागून घेतले. आत बोट फिरवले. बोट हिरवे-काळे होऊन बाहेर आले. ते त्यांनी सगळ्यांना दाखवले आणि हळू आवाजात विचारले, "याची कल्हई कुठे गेली?"

सगुणाबाईची नजर नवऱ्याच्या बोटांवर होती. विटकरीच्या चुऱ्याने त्याच्या बोटांची कातडी केव्हाच खरखरीत झाली होती. पुंजारामने ते पाहिले. तो उठला.

"म्या घालवली," तो म्हणाला.

"दोन वरसं घासून राह्यलो. तुळजाबाई पिली का घरी नेऊन घासायचो. तिचं तोंड लागलं म्हून. मनुका भिजवायला पेला बी म्याच दिल्ता. तिच्या मडक्यात नको म्हून. तिनं सांगितल्तं मला, कळकंल. म्या ऐकलं न्हाई. मंग तुम्ही पुसलं तर म्हणलो, मला काय ठाव." तो थांबला. त्याने माझ्याकडे बोट केले. "रामराव पाटलाच्या घरी ह्यो पेला माझ्या तोंडानं बाटला. मला धुळीतून उचलावा लागला. तेव्हा माझ्या काळजाला काय झाल्तं, ते म्या कोणाला सांगितलं न्हाई आजवर. आन् तेच म्या हिला केलं. इख हिनं न्हाई घातलं. इख माझ्या हातातलं हाय."

कडूबाने मान खाली घातली. पुंजाराम चालत दाराकडे गेला आणि चपला काढतात तिथे जाऊन बसला. वर्दीचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

"पेल्याला कल्हई करून घ्या," शेवटी वामनराव म्हणाले. "पुढच्या महिन्यात भोजन होईल."

"आन् मला?" पुंजारामने बसल्या जागेवरून विचारले. "माझं काय, साहेब?"

"कल्हई भांड्याला आपली आपण चढवता येत नाही, पुंजाराम," पाळक म्हणाले. "विस्तवावर बसावं लागतं, आणि दुसऱ्याच्या हातून घ्यावी लागते. आज तू विस्तवावर बसला आहेस."

दुसऱ्या दिवशी पुंजाराम मला घेऊन पायी हसनाबादला गेला आणि कासमभाईंना काही न लपवता सगळे सांगितले. कथील तर बाजारात नव्हतेच. कासमभाईंनी घरात जाऊन चिंधीत बांधलेला नखाएवढा तुकडा आणला. "पोरीच्या शादीच्या भांड्यांसाठी ठिवेल व्हता," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या, तिच्या भांड्यांचं अल्ला बघंल." पुंजाराम नको नको म्हणत राहिला. कासमभाईंनी त्याच्या हातात भात्याची दांडी दिली. त्याने भाता मारला, मी लाल झालो, आणि ते पांढरे कथील माझ्या कळकलेल्या पोटावरून फिरले. मी ते कमावले नव्हते. मी तर विष पाजून आलो होतो. तरी ते मला मिळाले. मित्रांनो, देवाची कृपा म्हणजे काय, ते मला पुस्तकातून कळले नाही, त्या भट्टीवर कळले.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार. पुंजाराम देवळात आला, पण चपलांपाशीच बसला. भाकर वाटली गेली, त्याने घेतली नाही. पेला पुढे आला तेव्हा त्याने दोन्ही हात मागे केले. "मी लायक न्हाई," तो म्हणाला. वामनराव मला हातात धरून उभे राहिले.

तेव्हा तुळजाबाई उठली. तिने पाळकांच्या हातून मला घेतले. खोलीत सगळे थक्क झाले. आजवर कोणा बाईने पेला फिरवला नव्हता, पल्याडच्या बाईने तर नाहीच. ती पुंजारामपुढे जाऊन खाली बसली. आधी तिने स्वतः एक घोट घेतला. ज्या पेल्याने तिचा जीव जाता जाता राहिला, तोच पेला तिने न बिचकता तोंडाला लावला. मग मला त्याच्यापुढे धरले.

"लायक कोण हाय, भाऊ?" ती म्हणाली. "प्या."

"तू माझं नाव का न्हाई सांगितलं त्या दिवशी?" त्याने विचारले.

"म्या सांगितलं असतं, तर तुम्हाला सांगायला काय उरलं असतं?"

पुंजारामने मला घेतले. त्याने काठ फिरवला नाही, सोग्याने पुसला नाही. जिथे तिचे ओठ टेकले होते, तिथेच त्याने आपले टेकवले आणि तळापर्यंत प्याला.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. देवळाच्या कोनाड्यात असतो. निजामाचे राज्य गेले, पुंजारामही गेला. माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे की घरातल्या पितळेच्या भांड्यांत अधूनमधून डोकावून बघत जा. बाहेरून कितीही लखलखीत असली तरी आतले पिवळे ठिपके लपवू नका, आणि कल्हई करून घ्यायला लाजू नका. आणि कोणाचे ओठ लागले म्हणून भांडे घासायला घेतलेत, तर आधी हातातली विटकर खाली ठेवा.

तुळजाबाईने घोट दिला त्या रविवारी दुपारी पुंजाराम मला घेऊन घरामागे बसला. सगुणाबाई दारात उभी राहून बघत होती. राख नव्हती, चिंच नव्हती. त्याने तांब्यातले थोडे पाणी माझ्यात ओतले, हाताने एकदा फिरवले, आणि मला उन्हात पालथा ठेवला.